साबणाची नक्षी आणि मुलांचे हात

(केंद्र शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हस्तव्यवसाय : शोभिवंत साबण’ असा विषय छापलेला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, वाचन व गणित यांच्या मागे धावताना आधीच दमछाक झालेल्या शिक्षकांच्या माथी हा आणखी एक उद्योग कशासाठी? शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, यासंबंधी कोणतेही विवरणपत्र भरावयाचे नाही, अथवा छायाचित्रेही कोठे पाठवावयाची नाहीत. ज्यांना हाताने काही घडविण्याची हौस आहे त्यांच्यासाठी हे बोलणे आहे. ज्यांना ती नाही त्यांनी यातील दक्षतेचा भाग तेवढा अवश्य ऐकावा.

हा विषय मी निवडला त्याला कारण घडले. अलीकडे शाळाभेटीच्या निमित्ताने हिंडताना कार्यानुभवाच्या तासाला साबण करण्याची आवड वाढत असलेली मला दिसते. एका शाळेत प्रदर्शनाच्या टेबलावर मुलींनी केलेल्या फार सुबक वड्या मांडल्या होत्या. कोणावर वेलबुट्टी, कोणावर पाने, एकीवर तर बैलजोडी कोरलेली. पाहून मन प्रसन्न झाले. मी सहज विचारले, “सोड्याचे पाणी कोणी कालवले?” सातवीतील एक मुलगी अभिमानाने पुढे आली व म्हणाली, “मीच, गुरुजी. स्टीलच्या पेल्यात.” थोड्या वेळाने शालेय पोषण आहाराची पंगत बसली. मुले नळावर गेली, हातांवरून पाणी ओघळवले आणि जेवावयास बसली. नळाजवळ साबण नव्हता. तो टेबलावर होता, आणि त्यापुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी होती.

त्या शाळेतील शिक्षक मेहनती आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु या एका भेटीत जे दोन प्रश्न दिसले, त्यांच्याचभोवती माझे आजचे भाषण आहे. साबण करण्याचे कोणते काम मुलांचे व कोणते नव्हे, हा पहिला. आणि केलेल्या साबणाचे पुढे काय व्हावे, हा दुसरा.

प्रथम साबण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या आजी-पणजींच्या घरात साबणाची वडी नव्हती, म्हणून स्वच्छता नव्हती असे मुळीच नाही. केसांना शिकेकाई, रेशमी वस्त्राला रिठा, अंगाला डाळीचे पीठ आणि भांड्यांना राख, अशी ज्याची त्याची योजना ठरलेली होती. रिठ्याचा फेस त्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो साबण नव्हे. राखेचे मात्र साबणाशी जवळचे नाते आहे, कारण राखेत क्षार असतो, आणि तेल व क्षार यांच्या संयोगातूनच साबण जन्मतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचे पाणी खारट, सोड्याने भरलेले आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-ई-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला, त्यात लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याचे पदार्थ मिळतात आणि त्यापासून बराच महसूल येतो, अशी नोंद आहे. इतिहास, भूगोल आणि विज्ञान एकाच ठिकाणी भेटतात असे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

तेल आणि क्षार एकत्र उकळले की साबण होतो, हे लोकांना शतकानुशतके ठाऊक होते. तो का होतो, हे मात्र ठाऊक नव्हते. ते कोडे फ्रान्समधील शेव्हरल या शास्त्रज्ञाने उलगडले व १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरीनशी जखडलेली तीन मेदाम्ले होत. दाहक सोडा, ज्याला बाजारात कॉस्टिक सोडा म्हणतात, तो ही जखड सोडवतो. मोकळी झालेली मेदाम्ले सोडियमशी संयोग पावतात, तोच साबण. आणि सुटलेले ग्लिसरीन त्याच्या शेजारी राहते. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा काढून घेतात व निराळे विकतात. घरच्या साबणात ते तसेच राहते, म्हणून तो हाताला मऊ लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा सारखा नसतो. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८.३ ग्रॅम दाहक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला १३.६ ग्रॅम आणि एरंडेलाला १२.८ ग्रॅम पुरतो. सोडा कमी पडला तर साबण तेलकट राहतो, एवढेच. जास्त झाला तर मात्र तो सोडा वडीत मोकळा राहतो आणि कातडी जाळतो. स्वयंपाकघरातील ‘अंदाजाने घाला’ ही पद्धत येथे कामाची नाही. ग्रॅमपर्यंत अचूक दाखविणारा काटा नसेल, तर या वाटेला जाऊच नये.

मी घरी जे प्रमाण वापरतो ते सांगतो. खोबरेल तेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल १५० ग्रॅम व एरंडेल ५० ग्रॅम. यांना लागणारा सोडा अनुक्रमे ५४.९, २०.४ आणि ६.४ ग्रॅम, म्हणजे एकूण ८१.७ ग्रॅम होतो. त्यातून शेकडा ५ कमी करावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते व साबण सौम्य होतो. अशा रीतीने सोडा ७७ ग्रॅम आणि पाणी १८० ग्रॅम. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. समप्रमाण आणि शेकडेवारी यांचे याहून जिवंत उदाहरण मला सुचत नाही. आणि साबणाच्या रसायनात मुलांचा वाटा येथेच, फळ्यापाशी, संपतो.

कारण यापुढचे काम शिक्षकाने स्वतःच्या घरी, एकट्याने करावयाचे आहे. मी हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो. साबणासाठी म्हणून दाहक सोड्याचा एक कणही शाळेच्या आवारात येऊ नये. विद्यार्थी कितीही शहाणा असो, शिक्षक कितीही जवळ उभा असो, हा नियम मोडू नये. सोड्याचे पापुद्रे दिसावयास खडीसाखरेसारखे असतात, आणि त्याचे पाणी साध्या पाण्यासारखे. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. आठ आण्यांच्या वडीसाठी कोणाचे लेकरू पणाला लावण्याचा अधिकार आपणांस नाही.

घरी करतानाही पथ्ये पाळावी लागतात. डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा, हातांत रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि जागा अंगणातील किंवा पडवीतील, मोकळ्या हवेची. घरातील लहान मूल त्या वेळी शेजारी अथवा आजोळी गेलेले बरे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले कदापि घेऊ नये. सोडा त्याला खातो व त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. पाणी आधी मोजून घ्यावे आणि त्यात सोडा थोडाथोडा सोडावा. सोड्यावर पाणी ओतू नये, कारण तसे केल्यास ते एकदम उकळून अंगावर उसळते. योग्य रीतीने केले तरी ते पाणी हात लावू नये इतके तापते व त्याची वाफ घशाला झोंबते. तोंड बाजूला ठेवावे. एकदा वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. उरलेला सोडा मूळच्या डब्यातच, झाकण घट्ट लावून, नाव लिहून, कुलपात ठेवावा. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नव्हे.

इतके करूनही अपघात झालाच, तर अंगावरील भाग भरपूर वाहत्या पाण्याने धुवावा. डोळ्यात गेल्यास तत्काळ, क्षणाचाही विलंब न लावता, निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी व मग प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लिंबू पिळून उतारा करण्याच्या फंदात पडू नये. कोणी गिळल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता सरळ रुग्णालयात न्यावे.

पुढची कृती सोपी आहे, किंबहुना आनंदाची आहे. सोड्याचे पाणी व तेल दोन्ही कोमट, सुमारे ४० अंशांवर आली की पाणी तेलात ओतावे व घोटत राहावे. हाताने घोटल्यास अर्धा-पाऊण तास सहज लागतो. विजेच्या रवीने काही मिनिटांत काम होते. मिश्रण हळूहळू पिठल्यासारखे दाटते, आणि पळीने वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. हीच साच्यात ओतण्याची वेळ. लाकडी खोक्याला आतून तेलकट कागद लावला की साचा झाला. वर जुने कांबळे पांघरून एक दिवस ठेवावे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मोजे घालून वड्या पाडाव्यात व त्या वाऱ्याच्या जागी, सावलीत, चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. वर दिलेल्या प्रमाणात सातएक वड्या होतात. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. लोणचे मुरल्याशिवाय आपण बरणी उघडत नाही, तसेच हे.

रंगांविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण हौस असणाऱ्याला खरी गोडी तेथेच लागते. बाजारी रंग आणण्याची गरज नाही, पण घरातील प्रत्येक रंग साबणात टिकेल असेही नाही. जास्वंदीचा सुंदर रंग सोड्यात मळकट होतो. बीट तांबूस राहण्याऐवजी तपकिरी पडते. गुलाबाच्या पाकळ्या वडीवर पसरल्या तर थोड्याच दिवसांत काळपटतात; झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या मात्र बऱ्याच अंशी आपला रंग राखतात. गेरू पक्का, तो ढळत नाही. कॉफीची पूड चांगला तपकिरी रंग देते. हळद प्रथम लालसर होते आणि साबण मुरता मुरता पिवळ्या-नारिंगीकडे वळते. मसाल्याच्या दुकानात मिळणारे रतनजोत तेलात भिजवले तर तेल लालभडक होते, आणि त्याच तेलाचा साबण केला की तो जांभळा-निळसर उतरतो.

असे का होते, हे मुलांना विचारण्यासारखे आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडविण्याचा प्रयोग असतोच. हळद काय किंवा रतनजोत काय, ही दर्शक द्रव्ये आहेत. क्षाराची गाठ पडली की ती रंग बदलतात. शिक्षकाने घरून आणलेल्या, पूर्ण मुरलेल्या तीन निरनिराळ्या रंगांच्या वड्या टेबलावर ठेवून तो पाठ घेतला, तर मुले तो विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता मुलांच्या वाट्याचे काम. ते कमी नाही. नक्षीचे सगळे काम त्यांचेच आहे. त्यासाठी दोन वाटा आहेत. तालुक्याच्या वा शहराच्या ठिकाणी ‘सोप बेस’ या नावाने ग्लिसरीनच्या पारदर्शक साबणाची तयार लादी मिळते. तिच्यातील सोडा केव्हाच संपलेला असतो. तिचे तुकडे करून, मोठ्या पातेल्यातील गरम पाण्यात लहान भांडे ठेवून त्यात वितळवावे, चिमूटभर रंग घालावा व साच्यात ओतावे. तासा-दोन तासांत वडी तयार. पातळ साबण चटका देण्याइतका गरम असतो, म्हणून ओतण्याचे काम शिक्षकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली मोठ्या मुलांनी करावे. दुसरी वाट त्याहून स्वस्त आहे. अंगाच्या साध्या साबणाची वडी घ्यावी आणि बांबूच्या बोथट सुरीने, चमच्याच्या दांड्याने किंवा खिळ्याच्या टोकाने ती कोरावी. निघालेला कीस वाया जात नाही. तो कोमट पाण्याच्या हाताने मळून त्याच्या गोळ्या वळता येतात.

नक्षी कोणती, हे मुलांवर सोपवावे. पण त्यांचे डोळे आपल्या परिसराकडे वळवावेत. बाजारातील रबरी साच्यातून निघालेला गुलाब शंभर ठिकाणी सारखाच असतो. चैत्रांगणातील शंख, चक्र, गोपद्म, आजीच्या हातावरील गोंदणाचे ठिपके, वारली चित्रांतील त्रिकोणी माणसे, कापडावर छपाई करण्याचा जुना लाकडी ठसा, यांतून जी नक्षी उमटेल ती त्या गावची असेल. एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोदकाचा साचा घरोघरी असतो आणि त्यातून साबणही फार देखणा निघतो; तरी तो मोह टाळावा. पेढा, बर्फी, मोदक किंवा फळ यांच्या आकाराचा, त्यातही वेलदोड्याचा वास दिलेला साबण समोर आला, तर शेजारच्या अंगणवाडीतील बालक तो तोंडात घालणारच. दोष त्याचा नव्हे.

साबणावर कोरीवकाम करण्याच्या स्पर्धा अमेरिकेत १९२४ साली सुरू झाल्या आणि १९६१ पर्यंत चालल्या. एका साबण-कारखान्यानेच त्या भरविल्या. आपला माल खपावा हा हेतू उघडच होता. पण त्यामागील तर्क शिक्षकाने विचारात घेण्याजोगा आहे. जे मूल साबण पाहून पळते, तेच मूल साबणाशी खेळू लागले तर त्याची भीती जाते.

हा तर्क अलीकडे काळजीपूर्वक तपासून पाहिला गेला आहे. इराकमधील विस्थापितांच्या छावणीत मुलांना पारदर्शक साबणाच्या वड्या दिल्या व त्यांच्या पोटात एकेक लहान खेळणे ठेवले. साबण झिजेल तेव्हाच ते हाती यावयाचे. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. खेळण्याचा साबण मिळालेली मुले, साधा साबण मिळालेल्या मुलांच्या मानाने, हात धुण्याच्या महत्त्वाच्या वेळी साबण वापरण्याची शक्यता चौपट दिसली. रोगजंतूंचे भय घालण्याची मोठी व्याख्याने तेथे झाली नव्हती. कुतूहलाने काम केले.

आणि साबण वापरल्याने खरोखर किती फरक पडतो? कराचीतील गरीब वस्त्यांत केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या घरांत साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, तेथे १५ वर्षांखालील मुलांत हगवणीचे प्रमाण ५३ टक्क्यांनी घटले. ५ वर्षांखालील बालकांत न्यूमोनिया निम्म्यावर आला. जंतुनाशक म्हणविणारा महागडा साबण व साधा साबण यांत काही फरक आढळला नाही. आपल्या शाळेतील गैरहजेरीचा तक्ता पावसाळ्यात कोणत्या कारणांनी भरतो, ते आपण जाणताच.

म्हणून माझी सूचना अशी की, शोभेचा साबण कपाटासाठी करू नये, नळासाठी करावा. पारदर्शक वडीच्या पोटात एखादी गोटी किंवा रंगीत गुळगुळीत खडा ठेवावा. धारदार शिंपला नको, आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गिळता येईल असे काहीही नको. त्यांच्यासाठी वरून ठसा उमटवलेली वडी पुरे. ‘आज बैलाचे शिंग गेले, उद्या शेपूट जाईल’ असे मुले म्हणू लागली की समजावे, साबण वापरला जात आहे. काही मुलांना आपली कलाकृती झिजते याचे वाईट वाटते. त्यांनी कोरण्याआधी तिचे चित्र वहीत काढून ठेवावे.

आनंदमेळाव्यात या वड्या विकाव्यात का, असे मला पुष्कळ जण विचारतात. विकू नयेत. अंगाला लावण्याचा साबण विक्रीसाठी तयार करावयाचा तर कायद्याने परवाना लागतो, आणि हौसेचा साबण तपासलेला नसतो. शाळेत द्यावयाची प्रत्येक घरगुती वडी शिक्षकाने आधी स्वतःच्या हातांवर चार दिवस वापरून पाहावी; आग झाली किंवा कातडी कोरडी पडली तर ती मुलांपर्यंत नेऊ नये. ज्या मुलांना खरूज, इसब किंवा हातावर जखम असेल त्यांना सुगंध व रंग नसलेली वडी द्यावी.

शेवटी नळाजवळच्या व्यवस्थेविषयी. वडी ओल्या ओट्यावर ठेवली तर दोन दिवसांत तिचा लगदा होतो, आणि सुटी ठेवली तर ती घरी जाते. कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा घ्यावा, त्यात वडी घालून तोंड सुतळीने बांधावे आणि मुलांच्या छातीच्या उंचीवर नळाच्या खांबाला टांगावे. जाळीतूनच फेस येतो, पाणी निथळून जाते. करवंटीला तळाशी भोके पाडून तीही वापरता येईल. दर सोमवारी एका मुलाने वडीचे वजन करून भिंतीवरील तक्त्यात लिहावे. ज्या आठवड्यात वजन घटलेले दिसणार नाही, त्या आठवड्यात मुलांना रागावण्यापूर्वी नळाला पाणी होते की नाही, ते आपण पाहून यावे.